जागेपणी घोरणारा बैल

पिपरी मेघे,
६ ऑक्टोबर २००२

बाबा,

वर आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दुसरा घेतला. गणपती उठले त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि बोलत नसलेल्या माणसाला एकदम शिरसाष्टांग घालायचं म्हणजे नाटक वाटलं. म्हणून साधा नमस्कार करते.

मी निघाले तेव्हा तुम्ही दुकानात फवारणीच्या बाटल्या फळीवर लावत होतात. लावलेल्या काढून पुन्हा त्याच लावत होतात. मी दारातून पाहिलं. बस आली होती, निघाले.

आईशी पीसीओवरून बोलले. ती म्हणाली, “कागदावर सांगून पाय त्यायले. तोंडानं तर तुमचं दोघायचं एक मिनिट जमत नाई.” म्हणून हे पत्र. वाचाल की नाही माहीत नाही.

तुम्ही विचारलं होतं की एम.एस्सी. झालेली पोरगी बी.एड.ची सीट सोडून गावोगाव बोंबलत फिरते, त्याला काय म्हणतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. आमच्या संस्थेत वर्षालीताई म्हणून आहेत, त्या हे सगळं चालवतात. विज्ञान शिकलेली पोरं त्या सहा महिन्यांसाठी घेतात. कोणाला नदी देतात, कोणाला खाडी, कोणाला तलाव. आपण त्या पाण्यापाशी जायचं, त्यात काय चाललं आहे ते समजून घ्यायचं, आणि काठावरच्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगायचं, म्हणजे ते पाणी टिकेल. एवढंच काम आहे. ऐकायला सोपं वाटतं.

मला बेलझरीचा तलाव मिळाला आहे. तुमच्या दुकानापासून बसनं तासाभराचा रस्ता. वर्षालीताईंनी नाव वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, एवढं भांडून निघाले आणि पोचले कुठं, तर आपल्या कारंज्याच्या अंगणात.

इथं विमलाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडे खोली घेतली आहे. आठवड्यातले बरेच दिवस बेलझरीतच राहणार आहे. जेवण चांगलं आहे. मी मजेत आहे.

सपना


बेलझरी,
२३ ऑक्टोबर २००२

बाबा,

आई म्हणते, तुम्ही माझं पाकीट तिच्यासमोर फोडलं नाही. नंतर ते टेबलावर दिसलंही नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते.

तलाव मोठा आहे. एका बाजूला दगडी पायऱ्यांचा घाट, तिथं बाया धुणं धुतात, पोरं पोहतात, गुरं पाणी पितात. दुसऱ्या बाजूला कमळं. मासेमारी ढिवर लोकांच्या सोसायटीकडे आहे, रूपराव त्यांचे अध्यक्ष. रोहू, कतला सोडलेला आहे आणि उन्हाळ्यात तो निघाला की त्यांच्या वर्षाचं भागतं.

मी आनंदाबाईंकडे उतरले आहे. एकटीच बाई, मुलगा-सून नागपूरला कामाला, नात आचल तिच्याजवळ. आचलचे पाय पाहिले आणि दचकले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळ, खाजवून खाजवून फुटलेलं. मग बाकीच्या पोरांचे पाय पाहिले. ज्यांच्या घरी विहीर आहे ती पोरं ठीक. जी घाटावर जातात, ती सगळी खाजवतात.

गावात एकच बोलणं आहे, ढिवरांनी मासे वाढावे म्हणून पाण्यात काहीतरी औषध टाकलं. रूपराव शपथ घेऊन म्हणतात की शेणखताशिवाय काही नाही. सरपंच वासुदेवराव म्हणतात, सोसायटीचा ठेका मोडतो. दोघं एकमेकांच्या अंगणात बसणारी माणसं होती, आता समोरून आले तर रस्ता बदलतात.

आणि मी काय केलं सांगू? शाळेच्या व्हरांड्यात लोक जमवले आणि तक्ता लावला. ‘तलावाची परिसंस्था’. शेवाळाकडून माशाकडे बाण, माशाकडून बगळ्याकडे बाण. रात्रंदिवस खपून रंगवला होता. मी बोलले, सगळे शांतपणे ऐकत होते, मला वाटलं छान चाललं आहे. संपल्यावर वासुदेवराव म्हणाले, “मॅडम, बान मस्त काढले तुमी. आता येवढं सांगा, पोट्टे काऊन खाजून राह्यले?”

मी वळून तक्त्याकडे पाहिलं, त्यात खाज कुठंच नव्हती. एकेक जण उठून गेला. तक्ता मी गुंडाळून आनंदाबाईंच्या कोठीवर टाकला आहे.

पण तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. काऊन खाजून राह्यले? बाबा, रसायन असतं तर मासे आधी वर आले असते. मासे ठणठणीत आहेत. आणि उन्हं चढल्यावर पाण्यात उतरलेल्या पोरांना खाज जास्त, भल्या सकाळी जाणाऱ्या बायांना कमी. रसायनाला ऊन कसं कळेल?

अजून एक गंमत. आनंदाबाईंचा बैल घोरतो. झोपेत नाही, उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून, कडबा खाताना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं गोठ्यात कोणी माणूस निजला आहे. आनंदाबाई म्हणाल्या, “दोन सालं झाले, असाच घोरते. नाकातून रक्तबी येते. कामाले जोर नाई रायला त्याच्यात.” गावात असे पुष्कळ बैल आहेत. लोकांना सवय झाली आहे.

जेवण चांगलं आहे.

सपना


पिपरी मेघे,
११ नोव्हेंबर २००२

बाबा,

दिवाळीला आले नाही. काम होतं असं आईला सांगितलं. काम होतं हे खरं, पण एवढंही नव्हतं. तुम्ही दुकानातच बसून राहाल, जेवायलासुद्धा मी उठल्यावर याल, ते पाहायची हिंमत झाली नाही. आईनं बसच्या कंडक्टरबरोबर चिवडा पाठवला. डब्यात खाली अनारसे होते. आई अनारसे करत नाही, तुम्ही ते बाजारातून आणता. मी त्यावर फार विचार केला नाही, खाऊन टाकले.

आता खरी गोष्ट सांगते. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि घरात असं काही ऐकून घेणारे तुम्हीच होतात. लहानपणी तुम्ही संत्र्याच्या पानावरची अळी काडेपेटीत आणायचात आणि आपण दोघं ती पानं कशी खाते ते पाहत बसायचो.

बेलझरीत गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले होते. मी सहज विचारलं, हा बैल जागेपणी का घोरतो? ते म्हणाले, “हा नाकातल्या जंताचा रोग. जंत नाकाच्या शिरेत राहते. तलावातल्या गोगलगायीपासून होते.” आणि पुढच्या बैलाकडे गेले. मी तिथंच उभी. गोगलगायीपासून? घोरणं?

वर्षालीताईंच्या कपाटात एक जाड पुस्तक आहे. दोघी दिवसभर ते घेऊन बसलो. मग मी बैलाच्या नाकातला शेंबूड बाटलीत आणला. (आनंदाबाई अजून हसतात.) सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ काही दिसेना. मग एकदम दिसलं, विळ्यासारखं वाकडं, टोकाला काटा असलेलं अंडं. मी अशी ओरडले की वर्षालीताई हातातला चहा सांडत धावत आल्या.

ऐका आता. बैल पाणी प्यायला वाकतो, नाकातलं पाण्यात पडतं, त्यात ही अंडी. अंड्यातून जे जीव निघतात त्यांना बैलाकडे परत जाता येत नाही. त्यांना आधी गोगलगाय लागते, तीसुद्धा हवी ती नाही, चकलीसारखी चपटी गुंडाळी असलेलीच. ती आपल्या घाटावर पाणवनस्पतींना लगडलेली असते. तिच्या पोटात एका जिवाचे हजारो होतात. मग ऊन पडलं की ते पाण्यात बाहेर येतात आणि कातडी शोधत पोहतात. उन्हाचं कोडं सुटलं की नाही?

त्यांना हवा असतो बैल. सापडतो आचलचा पाय. ते आत शिरतात खरे, पण माणसात त्यांचं जमत नाही, कातडीतच मरतात. त्याची खाज सुटते. पुरळ येतं, जातं, माणसाला पुढं काही होत नाही. म्हणजे बैलाचं घोरणं आणि पोरांची खाज हा एकच रोग आहे, बाबा. गावात दोन्ही गोष्टी रोज डोळ्यांसमोर आहेत.

मला कसं कळलं की खाज किती वाईट असते? नमुने गोळा करायला मी पाण्यात उतरत होते. मागच्या पत्रात ‘जेवण चांगलं आहे’ लिहिलं तेव्हा पाय खाजवत होते. आईला सांगू नका.

सपना


बेलझरी,
२ डिसेंबर २००२

बाबा,

शोधणं सोपं होतं. सांगणं कठीण आहे.

मी आधी रूपरावांना सांगितलं. वाटलं, ते खूश होतील, त्यांच्यावरचा आळ गेला. ते जाळं विणता विणता म्हणाले, “मॅडम, तुमी म्हनता ते खरं असन. पण सभेत तुमी बैलाचं नाव काढलं तर कास्तकार म्हनतीन, ढिवरायनं पोरीले फितवलं. अन् नाई काढलं तर आमचा ठेका जाते. दोन्हीकडून आमीच मरतो.”

मग वासुदेवरावांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, चित्र काढून नाही, नुसतं बोलून. त्यांनी ऐकलं. गोगलगाय त्यांना लगेच पटली. पण बैलाशी आल्यावर हात वर केला. “बस. गोगलगाय म्हना, मी मानतो. जनावराले कायले मधात आनता? जनावर तर आजोबाच्या काळापासून त्या घाटावर पानी पिऊन राह्यले.” आणि मग म्हणाले, “गोगलगायी माराच्या ना? मोरचूद टाकतो. संत्र्याले मारतो तसं तलावात मारतो. येका दिवसाचं काम.”

मोरचुदानं गोगलगायी मरतात, हे पुस्तकातही आहे. पण मासेही मरतात. सोसायटीचा सगळा रोहू, कतला उताणा होईल. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, “पोट्टे मोठे का मासे मोठे?” आचल माझ्यासोबत आली होती, ती समोर पाय खाजवत बसली होती.

परवा ते घुश्शात परत आले. आनंदाबाईंच्या ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

“कारंज्याले गेलतो मोरचूद आनाले. तिथं येक दुकानदार हाय, लय वाकडा मानूस. संत्र्यासाठी पायजे तेवढं नेजा म्हने, तलावात टाकाले देत नाई म्हने. कोन्ता तलाव विचारलं त्यानं. मी म्हटलं बेलझरीचा. तर मलेच विचारते, यंदा गोगलगायी मरतीन, पन बैल त्याच घाटावर येईन, मंग पुढच्या सालीबी मोरचूद न्या लागन काय? अन् मासे कोन आनून देईन? आता सांगा, बैलाचं मी नावबी नोतं काढलं! त्याले कोनं सांगतलं?”

आनंदाबाई म्हणाल्या, “असन कोनी शिकलेला.”

मी उठून गोठ्यात गेले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तोंड दिसू नये म्हणून.

वासुदेवरावांनी दुसरीकडून पोती आणली आहेत. पंचायतीच्या खोलीत ठेवली आहेत. ग्रामसभा झाली की टाकणार. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला आहे, हे मला दिसलं. रागानं का होईना, त्यांनी तो मला दोनदा सांगितला. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा तो प्रश्न जास्त आत गेला. मी आता उत्तरं पाठ करणं सोडून प्रश्न जमवते आहे.

सपना


बेलझरी,
१९ डिसेंबर २००२

बाबा,

काल ग्रामसभा झाली. सकाळी, शाळेच्या पटांगणात, चांगल्या उन्हात. वेळ मीच मागून घेतली होती.

तक्ता नेला नाही. काचेची दोन भांडी नेली. दोन्हींत एकाच आडाचं पाणी. एकात घाटावरच्या चपट्या गोगलगायी टाकल्या, दुसऱ्यात काही नाही. मागं काळं कापड धरलं आणि लोकांना म्हटलं, आपली दुसरी कामं उरकू, तोवर हे उन्हात राहू द्या. रस्त्याचं बोलणं झालं, शाळेच्या छपराचं झालं. मध्येच एक बाई उठून भांड्याशी गेली आणि ओरडली, “अवो, याच्यात काहीतरी हलून राह्यलं!”

मग सगळी सभाच उठली. गोगलगायींच्या भांड्यात बारीक पांढरे ठिपके, दुभंगलेल्या शेपटीचे, वर-खाली नाचणारे. भिंगातून पाहायला रांग लागली. दुसरं भांडं नितळ. म्हातारे चष्मे पुसून पाहत होते. मी काही समजावलं नाही, फक्त विचारलं, हे कुठून आले? लोकच सांगू लागले.

वासुदेवराव शेवटी आले. बराच वेळ पाहून म्हणाले, “किडे हायेत, मान्य. पन खाज हेच किडे देते कशावरून?”

मी बाही वर केली. माणसाला यानं धोका नाही, फक्त खाज येते, हे आधीच सांगितलं होतं. तर ते म्हणाले, “तुमचा हात नोको. तुमी उद्या म्हनान खाज आली, आमी काय पाहाले येतो? माह्या हात टाकतो.”

आणि खरंच टाकले. एका भांड्यात एक हात, दुसऱ्यात दुसरा, मनगटापर्यंत, आणि तसेच बसून सभा चालवू लागले. लोक खुदखुदत होते. मला भीती वाटत होती की काहीच होणार नाही. कधीकधी होत नाही.

ठेक्याचा विषय निघाला. रूपराव बोलायला उभे राहिले आणि वासुदेवरावांनी हात बाहेर काढून एक हात धोतराला घासला. मग पुन्हा घासला. रूपराव बोलायचे थांबले. म्हणाले, “काय झालं, सरपंच?” वासुदेवराव म्हणाले, “काई नाई. तुमी बोला.” आणि पुन्हा घासला. तेव्हा आख्खं पटांगण हसलं. रूपरावही हसले. गेल्या तीन महिन्यांत त्या दोघांना एकाच गोष्टीवर हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी ते ओट्यावर आले. एका हातावर मनगटापर्यंत पुरळ, मोजा घातल्यासारखं. दुसरा हात साफ. दोन्ही हात माझ्यासमोर धरून म्हणाले, “हं, आता ते बैलाचं सांगा.”

मी सांगितलं. मध्ये मध्ये ते आनंदाबाईंच्या बैलाकडे पाहत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, “माह्याही दोन जनावरं घोरते.” एवढंच म्हणाले आणि गेले.

पोती अजून खोलीतच आहेत.

सपना


पिपरी मेघे,
२१ जानेवारी २००३

बाबा,

तुम्ही आला होतात आणि मी नव्हते.

मी अहवाल द्यायला इकडे आले होते. परत गेले तर आनंदाबाई म्हणाल्या, “स्कूटरवर येक मानूस आलता. मी मोरचूद इकतो, इकडून चाललो होतो म्हने. इकडून कुठी जाते रस्ता? घाट पाह्यला, हौद पाह्यला, बैलाचं घोरनं आयकलं कान लावून. मंग काचीचा गिलास मांगतला.”

तुम्ही स्वतः घाटावरून गोगलगायी आणल्यात, ग्लासात टाकल्यात आणि ओट्यावर बसून राहिलात. आनंदाबाईंनी चहा दिला, तो निवला. काहीच निघालं नाही. जाताना विचारलंत, “ते पोरगी जेवते काय बराबर?” त्यावरून तुम्ही कोण ते त्यांना कळलं.

बाबा, त्या दिवशी आभाळ होतं. ढगाळ दिवशी ते निघत नाहीत. त्यांना स्वच्छ ऊन लागतं. आणि सगळ्याच गोगलगायींत ते नसतातही, पाच-पंचवीस एकदम टाकाव्या लागतात. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला ते दाखवायला मी गोगलगायी कारंज्याला घेऊन आले असते, पण एखादी तिथल्या पाण्यात सुटली तर बेलझरीचा रोग तिथं जाईल. तेवढ्यासाठी यावं लागेल तुम्हालाच.

हौद पाहिलात ते बरं झालं. हातपंपाजवळ पंचायतीनं बांधला. गुरं आता तिथं पाणी पितात. म्हणजे बरीचशी. काही गुराखी अजून घाटावरच नेतात, त्यांना हौदापर्यंतचा फेरा नको वाटतो. सोसायटीच्या लोकांनी घाटाकडच्या पाणवनस्पती काढल्या, गोगलगायी त्यालाच चिकटलेल्या असतात. डॉक्टरांनी घोरणाऱ्या गुरांना सुया दिल्या. ठेका राहिला. मोरचूद बागायतदारांनी संत्र्यासाठी वाटून घेतलं. खाज गेली का? कमी आहे. पण थंडीत पोरं पोहतच नाहीत, त्यामुळं खरं काय ते पुढच्या पावसाळ्यानंतर कळेल. मी लोकांना तसंच सांगितलं. वासुदेवरावांना ते आवडलं नाही, पण त्यांनी मान्य केलं.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

इथं सगळ्या मुलामुलींची एकत्र बैठक होती. रत्नागिरीकडच्या खाडीवर काम करणाऱ्या पोरीही आल्या होत्या. तिथं कालवं, खेकडे कमी होत आहेत, आणि कोळणी त्यांना रोज एकच गोष्ट विचारतात, हे काऊन होते? त्यांच्या भाषेत विचारतात, पण प्रश्न तोच. वर्षालीताईंनी मला विचारलं, पुढच्या जूनपासून वर्षभर तिथं जाशील का? पगार आहे, थोडा.

बी.एड.चे फॉर्म जूनमध्येच असतात, हे मला माहीत आहे. तुम्ही या वर्षीही चौकशी करून ठेवली आहे, हे आईनं सांगितलं.

मी हो म्हटलं आहे. विचारून नाही, आधी हो म्हणून मग सांगते आहे. राग येईल तर येऊ द्या. पण तुम्ही एक पूर्ण दिवस दुकान बंद ठेवून एका ग्लासासमोर बसलात, म्हणून मला वाटतं की मला का जायचं आहे ते आख्ख्या घरात तुम्हालाच कळेल.

ऊन असेल त्या दिवशी या.

सपना


बेलझरी,
१६ फेब्रुवारी २००३, संध्याकाळ

बाबा,

तुम्ही नुकतेच गेलात. अजून स्कूटरचा आवाज ऐकू येतो आहे, किंवा मला तसं वाटतं. समोर होतात तेव्हा आपण कामापुरतंच बोललो. म्हणून लिहिते.

सकाळी तुम्ही फाटकाशी उभे दिसलात तेव्हा माझ्या हातात गोगलगायींची बादली होती. तुम्ही ‘कशी आहेस’ विचारलं नाही. म्हणालात, “आज तर आभाळ नाई ना?” मी म्हटलं, “नाही.” तुम्ही ओट्यावर बसलात. मी भांडं उन्हात ठेवलं. आनंदाबाईंनी पोहे केले. आपण दोघं काही न बोलता भांड्याकडे पाहत होतो आणि मला ते जड गेलं नाही. तुम्हाला गेलं का?

मग पहिला ठिपका दिसला. तुम्हालाच आधी दिसला. तुम्ही माझ्या हातातून भिंग घेतलंत आणि पार वाकलात, इतके की मला भीती वाटली नाक पाण्यात जाईल. तुम्ही म्हणालात, “शेपटी फाटकी हाय याची.” आणि परत, हळूच, “कसा नाचते रे बाप्पा!” पत्रात मी हे शेपटीचं लिहिलं होतं. तरी तुम्ही असं म्हणालात जणू आजवर कोणी ते पाहिलंच नव्हतं.

रत्नागिरीचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी वाट पाहत होते. पोहे झाले, चहा झाला. मला वाटलं, बोलणारच नाही. तेवढ्यात वासुदेवराव रस्त्यानं जात होते. ते तुम्हाला पाहून थबकले. “अरे! हेच तर ते कारंज्याचे! यायनंच मले रिकाम्या हातानं परत पाठवलं!” मी म्हटलं, हे माझे बाबा. ते माझ्याकडे पाहतात, तुमच्याकडे पाहतात, आणि कपाळावर हात मारून हसतात.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्यांना हाताला धरून भांड्याशी बसवलंत. वासुदेवरावांनी हे सगळं डिसेंबरातच पाहिलं आहे, स्वतःचा हात घालून पाहिलं आहे, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मीच तर लिहिलं होतं. तरी तुम्ही सांगायला सुरुवात केलीत. बैल वाकतो कसा, नाकातलं पडते कसं, चकलीसारखी गोगलगाय, तिच्या पोटात हजार. माझ्याच पत्रातली वाक्यं तुमच्या आवाजात. एकही पत्र न वाचलेलं नव्हतं. वासुदेवराव मान हलवत ऐकत होते, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. त्या माणसाचे मी याबद्दल जन्मभर उपकार मानीन.

फक्त एका जागी तुम्ही चुकलात. म्हणालात, किडा माणसाच्या पायात शिरते आणि तिथून मंग बैलात जाते.

मला वाटलं, राहू द्यावं. इतक्या महिन्यांनी तुम्ही इतकं बोलत होतात. आनंदाबाईंनीही डोळ्यांनी खुणावलं, राहू दे म्हणून. पण मी म्हटलं, “नाही बाबा. माणसात गेला की तो तिथंच मरतो. पुढं कुठं जात नाही.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. गणपतीनंतर पहिल्यांदा सरळ पाहिलंत. मला वाटलं, आता उठाल.

तुम्ही म्हणालात, “असं काय?”

मी म्हटलं, “हो.”

तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसलात, परत घातलात, आणि वासुदेवरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, “थांबा सरपंच, माह्यं चुकलं. पोरगी तिकडं खाडीवर जाईन तवा तिथल्याबी लोकायले हे असंच बराबर सांगा लागन तिले. मी पयलेपासून सांगतो.”

आणि पुन्हा बैलापासून सुरुवात केलीत.

सपना